बॅच सुरू होण्याआधी घोड्यावर कोण बसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ९ वर्षांची आहे, ६ महिन्यांपासून घोडेस्वारी शिकते. तिचे सर स्वतः कधीच घोड्यावर बसलेले दिसत नाहीत, मैदानाच्या मधोमध उभे राहून सूचना देतात. विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगतात. शिकवणाऱ्याची स्वतःची स्वारी कशी आहे याने शिकणाऱ्याला फरक पडतो का, आणि क्लास बदलावा का?

फरक पडतो. फक्त तो मुलीपर्यंत पोचतो घोड्यामार्फत, आणि त्यामुळे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मी गेली ११ वर्षं पुण्याजवळ लहान मुलांना आणि नवशिक्या मोठ्यांना घोड्यावर बसायला शिकवते. त्यातली सव्वा वर्षं मी स्वतः घोड्यावर बसू शकत नव्हते. त्यामुळे तुमच्या सरांची बाजूही मला ठाऊक आहे आणि तुमची शंकाही.

हा विषय निघाला की कुणीतरी आचरेकर सरांचं उदाहरण देतंच. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, आणि शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे घडले. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. उदाहरण खरं आहे. शिकवायला नजर लागते, चिकाटी लागते, समोरच्याला आज नेमकी कोणती एकच गोष्ट सांगायची हे कळावं लागतं. यातलं काहीच स्वतःच्या धावांवर अवलंबून नसतं.

पण बॅट तुमच्याकडून काही शिकत नाही. १०० मुलांनी १०० चुकीचे फटके मारले तरी १०१ व्या मुलाच्या हातात तीच बॅट असते. घोडा शिकतो. रोज, प्रत्येक स्वाराकडून, आणि चुकीचं शिकतो तेही तितक्याच मनापासून.

अंगावर माशी बसली तर तेवढीच जागा थरथरवून ती उडवणारं हे जनावर आहे. त्याच्यावर नवखं मूल बसतं तेव्हा काय होतं ते बघा. मुलाची मांड अजून पक्की नसते, म्हणून तोल गेला की ते लगामाला लटकतं. घोड्याच्या तोंडात कडी असते, ती ओढली जाते. पहिल्यांदा घोडा दचकतो, मग मान वर करून चुकवायला बघतो, शेवटी ओढ सहन करत त्यावर रेलायला शिकतो. मग थांबवण्यासाठी आणखी जोरात ओढावं लागतं. टाचांचंही तेच. मूल भीतीने गुडघे आवळतं, आवळले की टाचा वर जातात आणि प्रत्येक पावलाला घोड्याच्या बरगड्यांवर आपटत राहतात. घोडा थोडा वेळ विचारात पडतो की याला पुढे जायचंय की थांबायचंय, आणि मग टाचेचं ऐकणंच सोडून देतो. ‘हा घोडा आळशी आहे’ असं पालक म्हणतात. तो आळशी नसतो, त्याला दिवसातून चार वेळा निरर्थक काहीतरी सांगितलं जात असतं.

ट्रॉट, म्हणजे आपली दुडकी, यात तर हे मोजून दाखवता येतं. या चालीत घोड्याचे तिरपे पाय जोडीने पडतात: डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम, मग उलट. स्वार त्या दोन ठोक्यांवर उठतो आणि बसतो. गोलात फिरताना बाहेरचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठायचं, आणि दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून जोडी बदलायची, असा नियम आहे. नवशिक्यांना तो महिनोन्‌महिने पाळता येत नाही. ज्या जोडीवर घोडा त्यांना सहज उसळवतो त्याच जोडीवर ती मुलं उठत राहतात. सगळ्या मुलांना बहुधा एकच बाजू सोयीची वाटते, कारण घोडाच एका बाजूला झालेला असतो. असं वर्षभर चाललं की पाठीचे स्नायू असमान होतात, एका दिशेला वळताना घोडा ताठ होतो, कँटरला, म्हणजे दुडकीच्या पुढच्या वेगवान चालीला, योग्य पाय पुढे टाकून सुरुवात करत नाही. आणि त्या घोड्यावर तुमची मुलगी ‘नीट’ बसू बघते. वाकड्या झालेल्या पाठीवर सरळ बसायला शिकणं मोठ्यांनाही जमत नाही.

जुन्या मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. क्लासमधली आपली पोरं सगळी बारगीर आहेत. घोडा पागेचा, आज हिचा, उद्या त्याचा. म्हणून पागेत एक तरी असा स्वार हवा जो त्या घोड्यावर नियमाने बसून दिवसभराच्या चुका पुसून काढेल. त्याच्या पायाला घोड्याने उत्तर द्यायचं, त्याच्या हाताला मऊ व्हायचं, दोन्ही दिशांना सारखं वळायचं. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा-पाऊण तास पुरतो. हे काम कोण करतं, हा माझ्या मते तुम्ही विचारायचा खरा प्रश्न आहे.

मी ज्यांच्याकडे शिकले ते फौजेतून निवृत्त झालेले दफादार होते. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. दोन वर्षांत मी त्यांना एकदाही घोड्यावर बसलेलं पाहिलं नाही; त्यांचाही गुडघाच गेलेला होता. माझ्या मनातही तेव्हा हाच प्रश्न होता. एकदा पावसामुळे बॅच रद्द झालीय हे मला कळलं नाही आणि मी साडेपाचलाच पोचले, तेव्हा उत्तर मिळालं. पाऊस उघडला होता, मैदानात चिखल होता. उस्ताद पत्र्याखाली खुर्ची टाकून बसले होते, आणि तबेल्यातला विशीचा एक सईस बादशहा नावाच्या घोड्यावर बसून वीस पावलांचे गोल काढत होता. उस्ताद तोंडाने फारसं काही बोलतच नव्हते. मधेच ‘उजवा खांदा’, मधेच ‘सोड, सोड, आता सोड’. तो मुलगा लगाम सोडायचा आणि घोडा मान खाली ताणून फुरफुरायचा. असं एकेक करून पाचही घोडे त्यांनी काढले, म्हणजे फिरवून तयार केले. साडेसातला आम्ही येऊन ज्या घोड्यांवर बसायचो ते असे रोज नव्याने जुळवून ठेवलेले असायचे. उस्तादांची स्वारी दिसत नव्हती, पण आमच्या बुडाखाली तीच होती.

नंतर काही महिने मी दुसरीकडे गेले. तिथले शिकवणारे उड्यांच्या स्पर्धांमध्ये पदकं मिळवलेले होते आणि त्यांची स्वारी पाहत राहावी अशी होती. माझा घोडा अडला की ते म्हणायचे, ‘उतर’, स्वतः बसायचे, तीन मिनिटांत घोडा फुलासारखा व्हायचा, आणि ते उतरून लगाम माझ्या हातात द्यायचे. पुढची दहा मिनिटं मीही उत्तम स्वार असायचे! मग हळूहळू सगळं विरायचं, कारण त्यांनी काय केलं ते त्यांना सांगता येत नसे. लहानपणापासून घोड्यावर वाढलेल्या माणसाला आपण तोल कसा सांभाळतो हे आठवत नाही, जसं आपल्याला चालायला कसं शिकलो ते आठवत नाही. तरीही त्या दहा मिनिटांना मी कमी लेखत नाही. बरोबर झालेला घोडा अंगाखाली कसा लागतो हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. ते एकदा कळलं की पुढे त्याच्याकडे जायची वाट शोधता येते.

आणि माझी स्वतःची चूक. मणक्याची गादी सरकली आणि डॉक्टरांनी घोडा बंद केला. शिकवणं मी चालू ठेवलं, उभं राहून सूचना देता येत होत्या. पाच-सहा महिन्यांनी मला वाटायला लागलं की यंदाची बॅच जरा मंद आहे. आमच्या चांदणी नावाच्या घोडीवर कुणालाच उजवीकडे कँटर मिळेना. मी मुलांना तेच तेच सांगत राहिले, आवाज वाढवत राहिले. एक मुलगी रडली आणि नंतर आलीच नाही. मग एक मैत्रीण भेटायला आली, ती सहज म्हणून चांदणीवर बसली, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, ‘अगं, ही डाव्या लगामावर पूर्ण रेलतेय, माझा हात भरून आला. यावर मुलांनी काय करायचं?’ मला जमिनीवरून ते दिसलंच नव्हतं. डोळ्यांना जे दिसतं त्याच्या कितीतरी आधी ते हाताला आणि बुडाला कळतं. मी बसत होते तेव्हा दर दोन दिवसांनी नकळत ते दुरुस्त होत होतं, म्हणून ती बिघडतेय हे कधी समोर आलं नाही. रडलेल्या मुलीच्या आईला मी फोन करून सांगितलं की दोष तिचा नव्हता. त्यानंतर घोडे काढायला एका चांगल्या स्वार मुलीला मी पगारावर ठेवलं, आणि आता माझी पाठ बरी झाली तरी ती स्वार आठवड्यातून चार दिवस येते.

वरच्या पातळीवरही हेच चालतं. भारताचा घोडेस्वार फवाद मिर्झा याने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सेन्यूर मेडिकॉट या घोड्यावर वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच घोड्यावर तो २३ वा आला. त्याआधी त्या घोड्यावर जर्मनीची बेटिना हॉय स्पर्धांमध्ये उतरत असे, आणि फवाद तिच्याकडे शिकलेला होता. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवा शिष्य आधी लांब दोरीवर फिरणाऱ्या मुरलेल्या घोड्यावर, रिकिबी आणि लगाम यांशिवाय, बराच काळ फक्त बसायला शिकतो. शिकवणाऱ्याची स्वारी अशी घोड्याच्या अंगात साठते आणि घोडा ती पुढच्याला देतो.

आता तुमच्या मुलीचं. गुडघ्याचं कारण खरं असण्याची शक्यता भरपूर आहे. आयुष्य घोड्यावर काढलेल्यांचे गुडघे आणि कंबर बहुतेक जातातच. त्यावरून सरांना कमी ठरवू नका, त्यांची जुनी पदकं किंवा फोटोही मागू नका. एखाद्या दिवशी बॅचच्या तासभर आधी जाऊन शांत बसा आणि घोड्यांवर कोणी बसतं का ते पाहा. ‘मुलं नसताना हे घोडे कोण काढतं?’ असं सरळ विचारलं तरी चालेल. चांगल्या शिकवणाऱ्याला हा प्रश्न आवडतो, तो उत्साहाने सांगायला लागतो. ‘घोड्यांना रोज चार बॅच असतात, आणखी कशाला’ असं उत्तर आलं तर मात्र मी सावध होईन.

घोड्याकडेही बघा. जीन चढवताना तो कान मागे पाडून चावायला येतो का? मैदानात शिरायला अडतो का? मूल लगाम ओढतंय आणि घोडा तोंड उघडून मान वर करतोय, तेव्हा सर मुलाला ‘ओढ, ओढ’ म्हणतात की आधी हात सैल करायला लावतात? टाचा खाली हे तर सगळेच ओरडतात. गुडघा सोड, म्हणजे टाच आपोआप खाली जाईल, हे ज्याने सांगितलं त्याने स्वतः कधीतरी ते अंगावर घेतलेलं आहे.

मुलांनी शिकवणाऱ्याला घोड्यावर पाहावं का? पाहिलं तर चांगलंच, मुलं नकलेने ताल पटकन उचलतात. सरांना जमत नसेल तर त्यांच्याकडचा एखादा मोठा, बरा स्वार महिन्यातून एकदा मुलांसमोर बसवा अशी विनंती करा. मात्र एका प्रसंगी कुणीतरी बसलंच पाहिजे असं मला वाटतं: मूल घाबरलंय, घोडा ऐकत नाहीये, आणि चूक कुणाची ते कुणालाच कळत नाहीये. अशा वेळी कुणी जाणता त्या घोड्यावर बसून दोन मिनिटांत सांगू शकतो की घोडा आज खरंच ताठ आहे. ९ वर्षांच्या मुलीला ते ऐकायला मिळणं फार गरजेचं असतं, नाहीतर ती सगळं स्वतःवर घेते.

क्लास लगेच बदलू नका. आधी एक सकाळ तिथे काढा. पहाटे कुणी घोडे काढत असेल, तर घोड्यावर न बसणाऱ्या या सरांकडेच मुलीला राहू द्या. कुणीच काढत नसेल आणि बोलूनही काही बदललं नाही, तर दुसरी जागा शोधा, आणि तिथे गेल्यावर आधी तबेल्यात जा, मैदान नंतर पाहा.