‘ह्यांच्या बॅगेत ब्रा सापडली’

‘ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत ब्रा सापडली. ३६ ची. माझं माप ३४ आहे.’ इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या बाईंनी समुपदेशनाला येऊन खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. संशय दुसऱ्या बाईचा होता. शेजारी बसलेले यजमान, वय ५४, बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, ती मी घालतो.’

संशय फिटला, पण त्या जागी दुसरा प्रश्न येऊन बसला, आणि तो अशा बहुतेक जोडप्यांना पडतो: पुरुष ब्रा घालतो म्हणजे त्याच्या मनात काही वेगळं आहे का? काहींच्या असतं, तो विषय निराळा. त्यातही लाजण्यासारखं काही नाही. इथे मात्र कारण छातीत होतं. दोन्ही स्तनाग्रांच्या मागे रुपयाच्या नाण्याएवढी दुखरी चकती. स्कूटरवर खड्डा आला की कळ, शर्ट घासला की आग. दोन उन्हाळे ह्या गृहस्थांनी छातीला क्रेप बँडेज गुंडाळून काढले होते. मे महिन्यात, इंदुरात! घामाने छातीखालच्या घडीतली कातडी सोलली आणि श्वास पुरता घेता येईना. त्यापुढे ब्रा हा फार शहाणपणाचा उपाय होता.

पुरुषाच्या छातीतली ग्रंथी वाढणं म्हणजे गायनेकोमास्टिया. वयात येणाऱ्या मुलांमध्ये ते सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपसूक ओसरतं. पन्नाशीनंतर मात्र आधी औषधांचा डबा उघडावा. ह्यांच्या डब्यात स्पायरोनोलॅक्टोन निघालं, हृदयासाठी दिलेलं. ही गोळी टेस्टोस्टेरॉन ह्या पुरुषी संप्रेरकाच्या कामात आडवी येते. पण ती मनाने सोडायची नसते, आणि सोडा म्हणून सांगणं समुपदेशकाचं काम नव्हे. हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. त्यांनी ती बदलून एप्लेरेनोन ही दुसरी गोळी सुरू केली. दुखणं दोनेक महिन्यांत उतरलं, फुगीरपणा राहिला. सूज वर्षाहून जुनी झाली की ग्रंथीत तंतू धरतात, मग औषधाने फारसं काही होत नाही. शस्त्रक्रिया उरते. ती त्यांना नको होती.

गाठ एकाच बाजूला, कडक, न हलणारी असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल किंवा कातडी आत ओढली गेली असेल, तर ब्राचा विचार नंतर, आधी डॉक्टर. स्तनांच्या कर्करोगाचे साधारण १ टक्का रुग्ण पुरुष असतात.

आता ती ३६ ची ब्रा. ‘बायकोसाठी हवी’ म्हणून राजवाड्याजवळून घाईत आणलेली, कप सी. पट्टा पाठीत रुतायचा, कप वरून रिकामा. कारण साधं आहे: पुरुषाच्या छातीचा पिंजरा रुंद आणि स्तन पसरट, म्हणून पट्टा मोठा आणि कप लहान लागतो. टेप बाईंच्याच हातात दिली. श्वास सोडून छातीच्या खाली घेर ३९ इंच, म्हणजे पट्टा ४०. स्तनाग्रांवरून, टेप न आवळता, ४२. पट्ट्याच्या ४० पासून फरक २ इंच, कप बी. ४० बी, सगळ्या कंपन्यांचं माप एकसारखं नसतं, तेव्हा घालून पाहावी.

वायर नको, पॅड नको. डोक्यातून घालायची स्पोर्ट्स ब्रा रुंद खांद्यांवर, त्यात घाम असला तर, अर्ध्यात अडकते. पुढून हूक असलेली बरी. सुती कापड, थोडं इलॅस्टिक. नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक ढिलं पडत जाईल तसं आतल्या हुकावर यायचं. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. वजन पट्ट्याने पेलायचं असतं, खांद्यांनी नाही. खांद्यावर वळ उठले तर खांदपट्ट्या आवळू नका, पट्टा तपासा. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी ब्रा उठून दिसते; कातडीच्या रंगाची घ्या आणि वर बाह्यांची बनियन. रात्री काढून ठेवा. ब्राने छाती वाढतही नाही, कमीही होत नाही. हिशेब फक्त आरामाचा.

मापाची ब्रा आली तरी छातीखालची खाज थांबेना. वाळत घालता कुठे, असं विचारल्यावर उलगडलं. बाथरूमच्या दाराआड, टॉवेलखाली वाळत घालायचे. दमट कपडा रोज अंगावर, मग घडीत बुरशी येणारच. बुरशीसाठी त्वचेच्या डॉक्टरांचं मलम, घडी रोज कोरडी पुसणं, तीन ब्रा आलटून पालटून, आणि वाळवण उन्हात.

‘उन्हात?’ यजमान एकदम उठलेच. ‘गच्चीवर? सगळी गल्ली बघेल.’

‘माझ्या दोरीवर टाकीन,’ बाई म्हणाल्या. ‘तुमच्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या, मोजायला कोण येतंय?’