रॉमधली कुस्ती ठरलेली असते, तरी मोठी माणसं ती दर आठवड्याला का बघतात?

तुमचा प्रश्न असा, की डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-मनोरंजन कंपनीच्या ‘रॉ’ या दर आठवड्याच्या टीव्ही कार्यक्रमात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे माहीत असून चांगली मोठी माणसं ते दर आठवड्याला का बघतात, आणि आता त्यात बघण्यासारखं काही उरलंय का. मी सोलापूरचा. शाळेत ट्रम्प कार्डांवरून अंडरटेकरची उंची आणि वजन पाठ करायचो, तेव्हापासून बघतोय. उरलंय का, तर हो, भरपूर उरलंय. का बघतो, हे मात्र जरा लांबून सांगावं लागेल.

मी हरणाऱ्यासाठी बघतो.

आधी ‘ठरलेलं असतं’ याबद्दल. आमच्या जिल्ह्यात कुस्ती म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. मोहोळचा सिकंदर शेख २०२३च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा त्याच्या गदेचे फोटो आमच्याकडे प्रत्येकाच्या स्टेटसला होते. माझे मामा मला लहानपणी यात्रेतल्या फडावर न्यायचे. ताक, तेल, हळद घातलेल्या त्या लाल मातीचा वास अजून नाकात आहे. एकदा मोठ्या इनामाच्या कुस्तीत दोघं मल्ल नुसते मानेवर हात टाकून गोल फिरत राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, डाव काही पडेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, “नुरा हाय, नुरा!” आणि सगळा फड तेच ओरडायला लागला. मामा उठले, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि म्हणाले, “चल.” घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्यांचा राग मला आजही पटतो. नुरा कुस्ती, म्हणजे दोघांनी आतून ठरवून केलेली कुस्ती, ही फसवणूकच, कारण ती खरी म्हणून लावलेली असते. रॉ तसं काही सांगत नाही. १९८९मध्येच त्या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कबूल केलं, की आमचा खेळ मनोरंजनाचा आहे, त्याला मुष्टियुद्धासारखे सरकारी नियम लावू नका. पहिला रॉ त्यानंतर चार वर्षांनी, ११ जानेवारी १९९३ला झाला. म्हणजे रॉच्या पहिल्या दिवसापासून हे उघड आहे. जे कुणी लपवलंच नाही, ते मला कळलं म्हणून माझी करमणूक कमी का व्हावी?

आता हरणाऱ्याकडे येतो. त्या धंद्यात एक शब्द आहे, ‘जॉबर’. समोरच्याला मोठं करण्यासाठी हरणं हेच ज्याचं काम, तो जॉबर. नेटवर लोक हा शब्द शिवीसारखा वापरतात, “तो काय, जॉबर आहे.” मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार लागलं, कारण माझे वडील जॉबर होते. आमच्याकडे यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. धोटा अडकला, पट्टा तुटला, बीम चढवायचा आहे, की हाक जॉबरला. अण्णा रात्रपाळी करून यायचे तेव्हा शर्टाच्या बाह्यांना ग्रीस आणि केसांत कापसाचा भुगा असायचा. टॉवेलवर लेबल मालकाचं, मीटर मोजून मजुरी विणकराला. पण जॉबर एक दिवस आला नाही तर निम्मे माग उभे राहायचे.

रिंगमधला जॉबर अगदी हेच काम करतो. ती रिंग मऊ असते हा मोठा गैरसमज आहे. खाली लोखंडी तुळया, वर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास, एवढंच. त्यावर पाठ सपाट टेकवून, हनुवटी छातीशी घट्ट धरून, हात पसरून पडायचं, तेही समोरचा उचलून आपटत असताना. हनुवटी सुटली तर डोकं फळीवर. असं नीट पडणारा माणूस समोर असेल तरच जिंकणारा राक्षस वाटतो.

रॉने हे ओळखलं तेव्हा रॉ सर्वांत छान झालाय. १७ मे १९९३चा भाग शोधून बघा. रेझर रॅमोन या तेव्हाच्या मोठ्या स्टारसमोर एक काडीसारखा पोरगा आणलाय, नाव नुसतं ‘किड’. आधीच्या आठवड्यांतही तो हरायलाच येत होता, आजही हरणार हे सगळ्यांना माहीत. आणि तो दोरावर चढून उलटी कोलांटी मारतो, रॅमोनला दाबतो, एक-दोन-तीन! मी हे घडल्यानंतर कितीतरी वर्षांनी मोबाइलवर बघितलं, निकाल माहीत असताना बघितलं, तरी खुर्चीवरून उठलो. ही गंमत चालते कारण तो त्याआधी खरोखर, स्वच्छ हरलेला असतो.

अलीकडचं उदाहरण चॅड गेबलचं. हा माणूस २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्ती खेळलेला, म्हणजे मॅटवरचा अस्सल मल्ल. समोर गुंथर, तेव्हाचा इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन, म्हणजे कंपनीच्या एका मोठ्या विजेतेपदाचा मानकरी. गुंथर उघड्या पंजाने छातीवर जो फटका मारतो तो खोटा मारताच येत नाही. आवाज आधी येतो आणि छातीवर पाच बोटं हळूहळू लाल होताना दिसतात. ४ सप्टेंबर २०२३ला गेबलची त्याच्याशी त्या विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी लढत होती. आपल्याकडे ती मंगळवारची पहाट. गुंथर हॉन्की टॉन्क मॅन या जुन्या मल्लाचा सलग ४५४ दिवस हा पट्टा राखण्याचा विक्रम मोडायच्या उंबरठ्यावर होता, आणि दोन आठवडे आधी गेबल त्याच्यावर काउंट-आउटने, म्हणजे पंचाचे आकडे संपेपर्यंत गुंथर रिंगमध्ये परतला नाही म्हणून, जिंकलेला. तसं जिंकल्यावर पट्टा मिळत नाही. पण तो गुंथरवर जिंकू शकतो हे दिसलं होतं, म्हणून खूप आशा होती. गेबल हरला. पहिल्या रांगेत त्याची लहान मुलगी आईला बिलगून रडायला लागली.

अण्णा पलंगावर बसून चहा पीत होते. त्यांना ना गुंथर माहीत, ना पट्टा. त्यांनी विचारलं, “ती पोर त्याची का?” मी हो म्हणालो. मग म्हणाले, “मग पुढच्या वेळी जिंकवतील त्याला.” मी कामावर निघालो तरी ते पडद्याकडेच बघत होते.

जिंकवलं नाही, आणि तिथेच रॉची ताकद आहे. सहा महिन्यांनी, मार्च २०२४मध्ये, गुंथरसमोर कोण जाणार यासाठी एकामागोमाग एक लढती लागल्या. शेवटी उरले गेबल आणि सॅमी झेन. गेबल पुन्हा हरला. मग त्यानेच सॅमीला तयार केलं. ६ एप्रिलला रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात, सॅमीने गुंथरला हरवलं, ६६६ दिवसांची राजवट संपवली. मला तेव्हा सॅमीपेक्षा गेबलचाच जास्त विचार येत होता. नंतर १५ एप्रिलच्या रॉमध्ये, सॅमीच्या मॉन्ट्रियलमध्ये, सॅमीने गेबलला पट्ट्यासाठी संधी दिली. गेबल हरला, आणि हरल्यावर त्याने सॅमीला त्याच्या बायकोच्या देखत तुडवलं. लोक त्याला शिव्या घालत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ती रडणारी पोर होती. दर आठवड्याला बघितल्याशिवाय तो राग समजत नाही. सात महिन्यांचं साठलेलं होतं ते.

म्हणून माझी सगळ्यात मोठी तक्रार अशी, की हल्ली रॉमध्ये कुणी नीट हरतच नाही. दोन मोठी नावं लढतात, निकाल जवळ येतो आणि मागून तिसरा येऊन खुर्ची घालतो. दोघांचीही इज्जत राखली, असं लिहिणाऱ्यांना वाटत असेल. फडावर याला कुस्ती सोडवली म्हणतात, आणि सोडवलेल्या कुस्तीचं कौतुक कुणी घरी जाऊन सांगत नाही. आठवड्यातून एखादी चालेल. एका रात्रीत तीन लढती अशा संपल्या तर पुढच्या मंगळवारी लवकर उठायला कारण काय?

वेळेचंही आहे. जुलै २०१२मध्ये रॉ तीन तासांचा झाला आणि तेव्हापासून त्यात पाणी वाढलं. जे मघाशी डोळ्यांनी बघितलं तेच पुन्हा दाखवतात. जानेवारी २०२५मध्ये रॉ नेटफ्लिक्सवर गेला, आपल्याकडे एप्रिलपासून, तेव्हापासून मी थेट कमी आणि रात्री जेवताना जास्त बघतो, नको ते पुढे सरकवतो. त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

बायकांच्या लढती मात्र पुढे सरकवू नका. ३ मार्च २०२५ला इयो स्कायने रिया रिप्लीला हरवून पट्टा घेतला, तोही कुठल्या मोठ्या सोहळ्यात नाही, साध्या सोमवारच्या रॉमध्ये. असं वर्षातून चार-पाच वेळा झालं तरी प्रत्येक आठवडा जपून बघावासा वाटतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर चालू भागापासून करू नका, गोंधळून जाल. ४ सप्टेंबर २०२३ची गुंथर-गेबल लढत आधी बघा. मग ११ मार्च २०२४चा रॉ, मग सॅमीचा रेसलमेनिया, मग मॉन्ट्रियल. चार बैठकांचं काम आहे. बघताना पट्टा कुणाच्या कमरेला जातो यापेक्षा गेबलच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. झालं की इथेच खाली लिहा, मला मॉन्ट्रियलबद्दल तुमचं मत ऐकायचं आहे, कारण आमच्या घरात त्यावर अजून वाद आहे. अण्णा म्हणतात गेबलचं चुकलं.