कॉन्फ टी टाकतो तर राउटर ऐकतच नाही

प्रश्न: सर, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोबत सीसीएनएचा (सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेचा) अभ्यास चालू आहे. सरावासाठी सेकंडहँड सिस्को १८४१ राउटर घेतला. पुट्टी या सॉफ्टवेअरमधून कन्सोलला (राउटरला केबलने थेट जोडायच्या पोर्टला) कनेक्ट होतं, स्क्रीनवर राउटर असं नाव पण येतं, पण सेटिंग बदलायची कमांड, कॉन्फिगर टर्मिनल, टाकलं की त्या शब्दाखाली ^ अशी टोपी येते आणि इनव्हॅलिड इनपुट म्हणतो. स्पेलिंग दहा वेळा बघितलं. राउटर खराब निघाला का? विकणारा आता परत घ्यायला तयार नाही.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: अरे राउटर ठणठणीत आहे, कन्सोलवर ९६०० स्पीडला अक्षरं नीट दिसतायत म्हणजे काळजीचं कारण नाही. तू फक्त नावापुढचं चिन्ह बघ. > असं आहे ना? मग तू अजून ओटीवरच बसलायस. इथून पिंग मार, शो व्हर्जन बघ, एवढंच, सेटिंगला हात लावता येत नाही. आणि गंमत अशी की या पातळीवर कॉन्फिगर नावाची कमांडच नसते, त्यामुळे राउटर "परवानगी नाही" असं न म्हणता सरळ चुकीचं टाइप केलंस म्हणतो आणि पोरं बिचारी तासभर स्पेलिंग तपासत बसतात.

आधी एनेबल टाक. > जाऊन # आलं की मग कॉन्फिगर टर्मिनल, म्हणजे सगळे टाकतात तसं कॉन्फ टी. नुसतं कॉन टाकू नको, कनेक्टची सुरुवातही त्याच तीन अक्षरांनी होते, मग अँबिग्युअस म्हणून कुरकुरतो. # च्या आधी कंसात कॉन्फिग दिसलं की पोचलास. आत गेल्यावर शो कमांड तशीच चालत नाही हां, तिच्या आधी डू लावायचं.

एनेबलचं स्पेलिंग चुकलं तर वेगळंच नाटक. राउटरला वाटतं हे कुठल्या तरी मशीनचं नाव आहे, मग ट्रान्सलेटिंग म्हणत डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे) त्याचा पत्ता शोधत बसतो आणि तू कीबोर्ड बडवत बसतोस. कंट्रोल शिफ्ट ६ दाबून सोडवून घे, आणि कॉन्फिग मोडमध्ये गेलास की पहिलं काम नो आयपी डोमेन-लुकअप टाकून ही सवय मोड.

माल सेकंडहँड आहे म्हणजे एनेबलला जुन्या मालकाचा पासवर्ड मागेल अशी शक्यता आहे. टाइप करताना काहीच दिसत नाही, चांदण्या पण नाही, ते तसंच असतं. तीनदा चुकलं की बॅड सीक्रेट्स म्हणून परत > वर आणून बसवतो. मग राउटर बंद करून चालू कर, चालू झाल्यावर पहिल्या मिनिटाच्या आत ब्रेक दाब, रॉममॉन (नेहमीची सिस्टीम सुरू होण्याआधीचा दुरुस्ती मोड) आला की कॉनफ्रेग ला, म्हणजे राउटरने कसं सुरू व्हायचं ते ठरवणाऱ्या रजिस्टरला, ०x२१४२ दे आणि रीसेट कर, जुनं कॉन्फिगरेशन न वाचताच उठेल. सुरुवातीला इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉगबद्दल विचारतो, तिथे नो म्हण, ती प्रश्नावली नुसती वेळ खाते. काम झालं की कॉन्फिग मोडमधून रजिस्टर परत ०x२१०२ कर, नाहीतर दर रीस्टार्टला पाटी कोरी.

बाहेर यायला एंड नाहीतर कंट्रोल झेड, आणि लगेच कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग. आळशी असशील तर नुसतं डब्ल्यूआर. कॉन्फिग मोडमध्ये केलेला बदल एंटर मारल्या मारल्या लागू होतो खरा, पण राहतो रॅममध्ये. मी एकदा दुपारभर बसून ॲक्सेस लिस्ट (कुठला ट्रॅफिक सोडायचा, कुठला अडवायचा याचे नियम) लिहिली, सगळं टेस्ट केलं, खुशीत चहाला गेलो, तेवढ्यात लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. राउटर उठला तो सकाळचाच. त्या रात्री घरी जेवायला बसलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.