पहिलं पान टाकण्याआधी

पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या पडवीत मेंढीकोट खेळून हात बसला असेल, तर ब्रिजमध्ये डिक्लेरर (बोली जिंकलेल्या जोडीतला, डाव खेळणारा) व्हायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही. फक्त एक्का दिसला की आपटायची सवय सोडा.

डमी (समोरच्या जोडीदाराची टेबलावर मांडलेली पानं) उघडली की थांबा. ३ नोट्रम्पला (म्हणजे बिनहुकमाच्या बोलीला) ९ हात हवेत. हमखास किती आहेत ते मोजा, उरलेले कुठल्या रंगातून उभे करायचे ते ठरवा आणि तोच रंग आधी खेळायला घ्या. एक्के-राजे आधीच वाजवलेत, तर मधे हात सुटल्यावर प्रतिस्पर्ध्यांची लहान पानंसुद्धा तुमच्या डोक्यावर बसतात.

हुकमाच्या डावात उलट, जाणारे हात मोजा. आपल्याकडे ८ हुकूम, म्हणजे बाहेर ५; ते साधारण ६८ टक्के वेळा दोन प्रतिस्पर्ध्यांत ३-२ वाटलेले असतात, तेव्हा ३ फेऱ्यांत संपतात. पण डमीतल्या हुकमाने काही कापायचं असेल, तर ते आधी उरका.

आणि आखूड बाजूचं मोठं पान आधी! डमीत एक्का-राणी-गुलाम-चौकी, हातात राजा-दुर्री, तर पहिला राजा. एक्क्याने सुरुवात केलीत तर दुसऱ्या फेरीला राजा हातात अडकवतो आणि डमीत जायला दुसरी वाट शोधावी लागते.

स्क्वीझचं (प्रतिस्पर्ध्याला कामाचं पान टाकायला भाग पाडायच्या डावपेचाचं) नाव सध्या काढू नका.