व्यायामाने दुखापत होण्याची भीती वाटते, मग न केलेलाच बरा का?

नाही. दुखापत होते हे खरं, पण ती बहुतेक वेळा मुरगळणं, स्नायू ताणला जाणं, टाच किंवा गुडघा दुखणं अशी असते आणि काही आठवड्यांत भरून येते. बसून राहिल्याचं नुकसान मात्र दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं वाटतं. हृदयविकार, पक्षाघात, टाईप २ मधुमेह यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पुरेशी हालचाल न करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका २० ते ३० टक्के जास्त असतो. शिवाय स्नायू आणि हाडं कमजोर होतात, त्यामुळे उतारवयात साध्या पडण्यानेही खुब्याचं हाड मोडू शकतं. म्हणजे दुखापत टाळायला बसून राहणाऱ्यालाच पुढे मोठी दुखापत होऊ शकते!

खरा धोका एकदम जास्त करण्यात आहे. वर्षानुवर्षं बसून असलेल्या माणसाने अचानक जोरात धावायला सुरुवात केली तर स्नायूंबरोबर हृदयावरही ताण येतो. चालण्यापासून सुरुवात करा, वेळ हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, हे मात्र टाळू नका.