शंभर टक्क्यांच्या बाहेर राहिलेला पाडा

आरोग्य खात्याच्या कामात समता कशी आणायची, या विषयावर मागच्या वेळी प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून आले. निम्मे खात्यातल्याच माणसांचे आहेत आणि त्यातले बरेच चिडून लिहिलेले. चिडलेल्यांचा नंबर आधी.

प्रश्न : आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सारखंच तपासतो. जात, भाषा, पैसा काही बघत नाही. मग प्रशिक्षणात ‘आरोग्य समता’ हा विषय आमच्या माथी कशासाठी? (वैद्यकीय अधिकारी, अक्राणी तालुका)

डॉक्टर, ‘येणाऱ्या प्रत्येकाला’ हे शब्द तुमचेच आहेत. जो येत नाही त्याचं काय?

तुमच्या हद्दीतल्या सगळ्यात लांबच्या पाड्यावरची एक बाई डोळ्यांसमोर आणा. पहाटे भाकरी थापून, लेकरू पाठीला बांधून ती डोंगर उतरते. सडकेवर येऊन जीप भरायची वाट बघते. जीप भरल्याशिवाय निघत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत बारा वाजून जातात आणि साडेबाराला केसपेपरची खिडकी बंद होते. संध्याकाळच्या ओपीडीपर्यंत ती थांबू शकत नाही, कारण परतीची जीप तोवर गेलेली असते. तुम्ही तिच्याशी वाईट वागला नाहीत, तुमची नि तिची गाठच पडली नाही. वेळ सगळ्यांना एकच ठेवली, ती स्टँडजवळ राहणाऱ्याला सोयीची निघाली. सारखी वागणूक आणि समता यांतला फरक एवढाच आहे.

ज्यूलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर वेल्समधल्या कोळसा खाणींच्या भागात काम करत. 1971 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं की चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी मिळतात. सातपुड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या सरकारी निकषांनाही ते ठाऊक आहे. सपाटीवर 30,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी-आदिवासी भागात 20,000 ला. उपकेंद्राचं तसंच, 5,000 आणि 3,000. म्हणजे कागदानं समता कधीच मान्य केली आहे. पण सपाटीवरचे तीन हजार लोक एका-दोन गावांत सापडतात आणि तुमच्याकडचे तीन हजार कितीतरी टेकड्यांवर विखुरलेले असतात, हे त्या कागदात मावत नाही.

माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका क्षयरुग्ण बाईला दुसऱ्या तक्रारीसाठी गोळ्या दिल्या, ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर’. आठ दिवसांनी आली तेव्हा एक तृतीयांश गोळ्या शिल्लक. मी रागावले. तिनं शांतपणे सांगितलं, ‘बाई, आम्ही दोनदाच जेवतो.’

तुम्हाला सुचवते ते साधं आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी ओपीडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग ठेवा. त्या दिवशी डोंगर आपणहून खाली उतरतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा, स्टाफची पाळी फिरवा, आणि तीन महिन्यांनी केसपेपरवरचे पत्ते मोजा. रुग्णसंख्या नव्हे, पत्ते. नवे पाडे दिसले की ओळखा, जमतंय.

प्रश्न : वरून सांगतात, ‘समतेच्या नजरेनं आकडे बघा’. पण मासिक अहवालात उपकेंद्राची एकूण बेरीज येते. पाडा नाही, जमात नाही. माझी बरीच उपकेंद्रं लसीकरणात शंभर टक्के आहेत. मग बघायचं काय? (सांख्यिकी सहायक, धुळे जिल्हा)

शंभर टक्के दिसलं की मला आधी शंका येते. शंभर टक्के कशाचे? आपण अपेक्षित लाभार्थी काढतो ते लोकसंख्येला जन्मदरानं गुणून. समजा उपकेंद्राची लोकसंख्या 3,000 आणि जिल्ह्याचा म्हणून धरलेला जन्मदर हजारी 16. अपेक्षित बाळं झाली 48. पण त्या डोंगरपट्ट्यात खरा जन्मदर हजारी 25 असेल, तर बाळं जन्मली 75. सिस्टरनं 48 जणांना लस दिली की अहवालात शंभर टक्के आणि शाबासकी. उरलेली 27 बाळं कुठल्याच रकान्यात नाहीत. ती वंचित म्हणूनसुद्धा नोंदली जात नाहीत, कारण हिशेबात ती जन्मलीच नाहीत. उपलब्धी 110 टक्क्यांवर गेली की आपण टाळ्या वाजवतो. खरं तर तो भाजक चुकल्याचा पुरावा असतो.

नवं सॉफ्टवेअर येईल तेव्हा येईल. तोवर हातात आहे त्यावर तीन कामं होतात.

पहिलं, बेरीज उलगडा. अहवालात पाडा नसला तरी सिस्टरच्या रजिस्टरात असतो, आशाताईच्या डायरीत तर घर असतं. सगळा जिल्हा करायला जाऊ नका, जन्मभर होणार नाही. एका केंद्राची दोन उपकेंद्रं घ्या आणि पाडावार यादी लावा.

दुसरं, गळती बघा. दीड महिन्याला पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस किती बाळांना, साडेतीन महिन्यांना तिसरा किती जणांना, नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेला किती जणांना. इथे लोकसंख्येचा अंदाज लागतच नाही, बाळाची बाळाशीच तुलना होते. पहिल्या डोसला वीस आणि तिसऱ्याला अकरा असा पाडा निघाला तर तिथे लोकांचा लसीला विरोध नाही, ते एकदा आले होते. आपलं सत्र चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या जागी भरतंय. पहिल्यालाच कुणी नसेल तर दुखणं वेगळं, तिथे आपण पोचलेलोच नाही.

तिसरं, नकाशा. एका उपकेंद्राच्या भिंतीवर सुरेख रंगवलेला नकाशा होता. नदी निळी, रस्ता तांबडा, अंगणवाडीवर झेंडा. मी आशाताईला विचारलं, ‘नदीपलीकडे काय?’ ती म्हणाली, ‘अकरा घरं.’ नकाशात नदीपलीकडे पेंटरनं झाडं काढली होती. त्या अकरा घरांत तीन मुलं अशी निघाली की त्यांना एकही लस मिळालेली नव्हती. पावसाळ्यात चार महिने नदी आडवी येते, म्हणून सर्व्हेच्या वेळी कुणी गेलं नव्हतं. पुढे दरवर्षी जुनीच यादी उतरवून काढली जात होती.

आणि एक. धुळे-जळगावच्या सपाटीवर ‘आदिवासी तालुका’ हा शिक्का नसतो म्हणून तिथे विषमता नाही असं समजू नका. मोठ्या, सधन गावाच्या कडेला भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, असतेच. गावाची सरासरी उत्तम, भिलाटीची कुणी वेगळी काढलेली नाही. सधनतेनं सगळं सुटतं हाही भ्रम आहे. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या. केळी-कापसाचा पैसा सोनोग्राफीपर्यंत सहज पोचला, एवढंच त्यातून दिसतं.

प्रश्न : सत्र असतं तेव्हा बायका येत नाहीत. घरी बोलवायला गेलं तर कुलूप. साहेब म्हणतात, ‘तू समजावत नाहीस’. (आशा, रावेर तालुका)

ताई, साहेबांना एकदा तुमच्याबरोबर सकाळी सात वाजता केळीच्या बागेपाशी उभं करा. बायका कुठे असतात ते दिसेल. दहा ते दोनच्या सत्रासाठी बाईला अख्ख्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. फुकटची लस तिला रोजाच्या भावानं पडते. कापूस वेचणीत तर आणखीच. सत्राची वेळ बदलायचा प्रस्ताव सिस्टरमार्फत सूक्ष्म कृती आराखड्यात, म्हणजे सत्रं कुठे-कधी भरायची त्या नियोजनात, लिहून द्या. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं राहत नाही. आणि सत्र मारुतीच्या पारावर किंवा गावातल्या अंगणवाडीत भरत असेल, तर एक सत्र भिलाटीतच लावा. काही बायका पारापर्यंत का येत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

प्रश्न : दोन वर्षांत समतेवर चार कार्यशाळा घेतल्या. प्रीटेस्ट-पोस्टटेस्ट छान येतात, फील्डवर फरक शून्य. क्षमता बांधायची म्हणजे आणखी काय करायचं? (प्रशिक्षण विभागातील अधिकारी)

पोस्टटेस्ट छान येतेच हो, जेवणही छान असतं.

खात्याची क्षमता माणसाच्या डोक्यात कमी आणि खात्याच्या सवयीत जास्त असते. तुमच्या मासिक सभेत पहिला प्रश्न काय असतो? ‘टार्गेट किती झालं?’ तो प्रश्न आहे तोवर सिस्टर जवळची घरं आधी करणार, कारण आकडा तिथे लवकर भरतो. लांबच्या पाड्याला गेलेली सिस्टर दिवसाला चार बाळं करते, गावात बसलेली तीस. सभेत कोण बोलणी खातं? लांब गेलेली. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ती जात नाही, मग तिला कितीही कार्यशाळांना बसवा.

म्हणून सभेतला पहिला प्रश्न बदला, ‘या महिन्यात कोणत्या पाड्यावर कुणीच गेलं नाही?’ त्याचं उत्तर देणाऱ्याला झापायचं नाही, पुढच्या महिन्यात गाडी आणि दिवस ठरवून द्यायचा. टूर डायरी तपासताना गावाचं नाव नव्हे, पाड्याचं नाव मागा. मी एका तालुक्यात एवढंच वर्षभर केलं. पहिले चार महिने लोक खोटं लिहीत. पाचव्या महिन्यापासून डायरीत वेगवेगळ्या पाड्यांची नावं यायला लागली, आणि काही नावं मी तोवर ऐकलेलीही नव्हती.

दुसरी गोष्ट माणसांची. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवन योजनेखाली पाडोपाडी फिरणाऱ्या भरारी पथकांतले मानसेवी (मानधनावरचे) डॉक्टर वर्षानुवर्षं डोंगरात राहिले. त्यांतले कित्येक जण पावरी, भिलोरी या तिथल्या आदिवासी बोली बोलतात. त्यांना आपण प्रशिक्षणाला श्रोते म्हणून बसवतो! त्यांना शिकवायला उभं करा. नव्यानं रुजू झालेल्या बंधपत्रित (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणाऱ्या) डॉक्टरला पहिल्या आठवड्यात पन्नास वाक्यं येतील एवढी भाषा त्यांनीच शिकवावी. अमळनेर-पारोळ्याकडे ‘पोट दुखस का?’ असं अहिराणीत विचारणारा डॉक्टर लगेच आपला वाटतो. धडगावला अहिराणीही परकीच, तिथे मराठी-अहिराणीचा अभिमान खिशात ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट खात्याला बोचते. महाराष्ट्रात 2007 मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावकऱ्यांनी सेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. अशा एका जनसुनवाईत मी टेबलाच्या खात्याच्या बाजूला बसले होते. एक म्हातारा उभा राहिला. सुनेला झोळीतून सडकेपर्यंत आणलं, गाडी आली, पण ड्रायव्हरनं डिझेलचे पैसे मागितले, एवढंच बोलून खाली बसला. आमच्या रजिस्टरात ती ‘संस्थात्मक प्रसूती, यशस्वी’ होती. कार्यशाळेत समतेच्या कितीही व्याख्या लिहून घ्या, त्या दुपारी मला जे कळलं ते त्यातून कळत नाही. तुमच्या पाचव्या कार्यशाळेचे पैसे अशा चार बैठकांना वापरा.

प्रश्न : पेसा ग्रामपंचायतीच्या निधीतून आरोग्यावर खर्च चालतो का? ग्रामसेवक नाही म्हणतात. (ग्रामपंचायत सदस्य, तळोदा)

चालतो. पेसा म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. त्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के अबंध निधी मिळतो, आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्याच्या ठरलेल्या बाबींपैकी एक आहे. ग्रामसभेचा ठराव घ्या. गावाच्या आरोग्य-पोषण समितीलाही वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत वेगळा निधी असतो. त्यातून फक्त भिंती रंगवू नका.

प्रश्न : आश्रमशाळेत सिकलसेल तपासणी झाली. एका मुलीला ‘वाहक’ ठरवून कार्ड दिलं, पुढे कुणीच आलं नाही. घरचे म्हणतात, आता लग्न कसं होणार? (शिक्षक, शिरपूर तालुका)

सिकलसेल हा आई-बापांकडून येणारा रक्ताचा आजार. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. ती मुलगी शिकेल, खेळेल, संसार करेल. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोन्हीकडची कार्डं बघायची, मुलीला बाजूला काढायचं नाही. मुलाकडच्यांना कार्ड मागायची हिंमत घरच्यांना तुम्ही द्या.

2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तपासणीचा आकडा पटापट भरतो, समुपदेशनाचा रकाना मागे राहतो. तुमच्या केंद्राला लेखी विचारा, समुपदेशक कधी येणार?

प्रश्न : दिवाळीनंतर आमचे पाडे रिकामे होतात. लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात. गरोदर बायका, लहान मुलं सगळी बरोबर. मार्चअखेरच्या अहवालात ते ‘स्थलांतरित’ म्हणून वगळले जातात. मी काय करू? (आरोग्यसेविका, अक्कलकुवा तालुका)

वगळू नका, वेगळं लिहा. दसरा ते दिवाळी हे तुमचे सगळ्यात महत्त्वाचे दिवस. मुकादमाची उचल घेतली की कोण जाणार हे पाड्यावर सगळ्यांना माहीत असतं. तेव्हाच यादी करा. नाव, कितवा महिना, कुठल्या कारखान्याकडे, मुकादमाचा मोबाईल. माता-बाल कार्ड बाईच्या हातात आहे ना ते डोळ्यांनी बघा. ते घराच्या कुडात खोचून ठेवून जातात, कारण हरवलं तर सिस्टर ओरडेल अशी भीती असते. ओरडणं आपलंच, त्यामुळे ‘हरवलं तरी चालेल, पण घेऊन जा’ हेही आपणच सांगायचं. लोहाच्या गोळ्या जमतील तेवढ्या बरोबर द्या. तिकडच्या आरोग्यसेविकेला फोन केला तर ती अडवत नाही, तिलाही तिच्या हद्दीतलं बाळ हवंच असतं. मी बारडोलीकडे असे फोन लावले आहेत. भाषा अर्धी हिंदी, अर्धी गुजराती, काम झालं.

आणि परतीचं. काहीही झालं तरी होळीला लोक घरी येतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांना तर सगळा सातपुडा लोटतो. त्या बाजारात लसीची पेटी घेऊन एक टेबल मांडा. ढोल सुरू व्हायच्या आत, सकाळी. दुपारनंतर तुमच्याकडे कुणी बघणार नाही, आणि तुम्हालाही टेबलामागे बसवणार नाही.