बायोडेटात केलेले काम कसे मांडावे?

प्रश्न : वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतील एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी नऊ वर्षे स्टोअर सांभाळतो. आता जवळच्या सावली तालुक्यातील मोठ्या कारखान्यांत अर्ज करणार आहे. माझ्या बायोडेटात ‘मालाची आवक-जावक पाहणे, नोंदी ठेवणे, स्टॉक टेकिंग करणे’ एवढेच आहे. भाचा म्हणतो, ‘अचीव्हमेंट’ लिही. पण मला कधी पुरस्कार मिळालेला नाही. रॅकना क्रमांक देऊन बिन कार्डे (प्रत्येक कप्प्यातील मालाची आवक-जावक नोंदवणारी कार्डे) सुरू केल्यापासून वार्षिक मोजणी चार दिवसांऐवजी दीड दिवसात आटोपते, परंतु ते तर माझे कामच होते. बढाई न मारता काय लिहावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : जे लिहायला हवे ते आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहून टाकले आहे. बायोडेटातील तीन कामे आपल्या जागी दुसरा कोणी असता तरी त्यानेही केलीच असती. ती पदाची कामे आहेत. रॅकना क्रमांक मात्र आपण होता म्हणून पडले. तेव्हा पूर्वी काय स्थिती होती, आपण नेमके काय केले आणि त्यानंतर काय बदलले, हे एकाच वाक्यात सांगावे : ‘सर्व रॅकना क्रमांक देऊन बिन कार्ड पद्धत सुरू केली, त्यामुळे वार्षिक मोजणीचा कालावधी चार दिवसांवरून दीड दिवसावर आला.’ यात एकही विशेषण नाही, त्यामुळे बढाईचा प्रश्नच येत नाही. मोजणी चालू असताना आपल्याकडे माल देणे बंद राहत असेल, तर तेही अवश्य जोडावे, कारण उत्पादन विभागाचे वाचलेले दिवस मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळतात. ‘साडेबासष्ट टक्के बचत’ असे लिहू नये. हिशेब बरोबर असला तरी दिवस डोळ्यांसमोर उभे राहतात, टक्के राहत नाहीत.

‘करण्यात आले’ ही आपल्या कार्यालयीन मराठीची जुनी सवय येथे सोडावी, नाहीतर काम कोणी केले हेच कळत नाही. बायोडेटा इंग्रजीत असला, तरी ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू होणाऱ्या वाक्यांचे तेच होते.

आणखी मुद्दे हवे असतील तर मोजणीचे जुने तक्ते पाहावेत. रजिस्टरमधील आकडा आणि प्रत्यक्ष माल यांत किती नगांची तफावत येत असे आणि आता किती येते, हे स्टोअरच्या माणसाचे खरे प्रगतिपुस्तक. आकडा सापडला नाही तर अंदाजाने घालू नये. मुलाखतीत ‘हे कसे मोजले?’ असे विचारतातच. साठ्याची एकूण किंमत किंवा पुरवठादारांचे दर मात्र लिहू नयेत, ती कारखान्याची आतली माहिती आहे.

रॅक रंगवायला आणि माल लावायला मदतनीस होते काय? असल्यास ‘दोन मदतनिसांसह’ असे, जितके होते तितक्या संख्येसह, त्याच वाक्यात लिहावे. त्याने आपले श्रेय कमी होत नाही, उलट माणसांकडून काम करवून घेता येते हेही आपोआप नोंदले जाते.